चेपल्या नाकाची देवी

सोजराबाईनं पुण्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी एक म्हातारा माणूस विनाकारण पळताना पाहिला आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

सारसबागेत तिघं चालली होती. पुढं सून ललिता, मधे सोजराबाई, मागं काठी टेकत तिचा नवरा भिमाजी. तेवढ्यात पांढऱ्या अर्ध्या चड्डीतला सत्तरीचा एक गृहस्थ दोन्ही कोपरं हलवत, धापा टाकत शेजारून गेला. मागं कुत्रं नव्हतं, पुढं सुटलेलं जनावर नव्हतं. बागेला वळसा घालून तो परत तिथंच आला आणि पुन्हा गेला.

"ललिता, त्या बाबाचं काय हरवलं गं?"

"काही नाही आत्या. सकाळचे फिरायला आलेत."

"फिरायला? मग कुठं जात का न्हाई?"

ललिताला हसू आवरेना. "इथली म्हातारी माणसं अशीच फिरतात. तब्येतीला चांगलं असतं."

"आमच्याकडं सरपणाला फिरत्यात," सोजराबाई म्हणाली. "माघारी येताना निदान डोक्यावर मोळी तरी असती."

पुढच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. म्हातारीनं नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट घातले होते आणि म्हातारा तिला भुईमुगाच्या शेंगा सोलून देत होता. चारचौघांत! सोजराबाईनं पदर तोंडाला लावला आणि वळून भिमाजीकडं पाहिलं. भिमाजी एकाएकी झाडावरचे कावळे बघायला लागला.

दोघं राहूची. दौंड तालुक्यात नदीकाठचं गाव, गावाच्या कडेला बौद्धवस्ती, तिथं त्यांचं घर. भिमाजीनं उभा जन्म लोकांच्या उसात आणि स्वतःच्या तुकड्यात काढला. थोरला मुलगा साहेबराव शिकला, खडकीला कारखान्यात लागला. ललिता त्याची बायको, शिरूरची, मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी. बहात्तरचा दुष्काळ सरला, दोन सुग्या नीट पदरात पडल्या, तेव्हा ती स्वतः राहूला येऊन सासूसासऱ्यांना घेऊन गेली.

"आत्या, तुम्ही दौंड आणि शिरूरच्या पलीकडं काही पाहिलं नाही. आता आठ दिवस काम बंद. नुसती मजा करायची."

मजा करायची म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, ते सोजराबाईला कळेना. साहेबरावाला पाळी चुकवता येत नव्हती, म्हणून फिरवायचं काम ललितानंच घेतलं. बालवाडीच्या पोरांची सहल काढायची तिला सवय. रस्ता ओलांडताना ती दोघांना एकमेकांचा हात धरायला लावी. लग्नाला उभी हयात झाली, पण भर रस्त्यात भिमाजीनं बायकोचा हात पहिल्यांदा धरला तो स्वारगेटच्या चौकात, आणि तोही ट्रकच्या भीतीनं.

दुपारी ललितानं त्यांना संभाजी बागेतलं मत्स्यालय दाखवलं. काचेमागं हिरवा उजेड आणि त्यात फिरणारे मासे.

"हे कवा शिजवत्यात?" भिमाजीनं विचारलं.

"हे खायचे नाहीत मामा. बघायचे."

"तिकीट काढून मासा बघायचा आन् घरी जाऊन पिठलं खायचं? शाबास रं पुणं!"

आजूबाजूची माणसं हसली. सोजराबाई हसली नाही. आतल्या माणसानं पाण्यात काहीतरी टाकलं, तसा एक मोठा मासा वर आला आणि हिसका देऊन ते खाली ओढून घेऊन गेला. तो हिसका पाहून ती दोन पावलं मागं सरली. असा हिसका तिच्या ओळखीचा होता.

त्याचं असं झालं होतं. छप्पन्न साली धर्मांतर झालं. त्याच्या मागोमाग राहूच्या वस्तीनंही धम्म घेतला. घरोघरचे देव टोपल्यांत भरून नदीच्या डोहात सोडायचे ठरले. सोजराबाईच्या घरात यमाईचा पितळी मुखवटा होता, ओंजळीत मावेल एवढा. तिच्या आईनं लग्नात माहेराहून, कवठ्याहून दिलेला. सासू ताईबाई उंबऱ्यात आडवी पडली. "आधी मला बुडवा, मग माझ्या देवीला," म्हणून ओरडायला लागली. पण सोजराबाई दिल्या शब्दाला जागणारी बाई. तिनं स्वतःच्या हातानं मुखवटा टोपल्यात ठेवला, वर फडकं घातलं आणि टोपलं नवऱ्याच्या डोक्यावर दिलं. भिमाजी डोहाकडं गेला आणि मोकळं टोपलं घेऊन माघारी आला.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. धाकटा बन्सी पाच वर्षांचा होता. अंगभर फोड आले आणि पोरगं हा हा म्हणता गेलं.

ताईबाई म्हणाली, "तू तिला पाण्यात घातलीस, तिनं तुझ्या पोराला आगीत घातलं."

ताईबाई पुढं मेली, पण तिचं बोलणं मागं राहिलं. शहाणपणाच्या गोष्टी सोजराबाईला ठाऊक नव्हत्या असं नाही. त्या साथीत वरच्या आळीतलीही पोरं गेली होती, आणि त्यांचे देव तर देव्हाऱ्यात हळदकुंकू लावून बसले होते. पण ठाऊक असलेलं डोक्यात राहतं, भीती पोटात राहते. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. भिमाजी वस्तीत वंदना म्हणणारा माणूस. कुणाच्या कणगीमागं लपवलेला देव सापडला तर चव्हाट्यावर त्याची चंपी करणारा. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमच्याच बायकोला देवीचं भ्या वाटतं म्हणून?

म्हणून ती दर मंगळवारी धुणं घेऊन डोहावर जाई आणि कुणी नाही असं बघून पानावर दहीभात ठेवून पाण्यात सोडी. पान थोडं तरंगे आणि मग खालून हिसका बसे. पान बुडताना ती डोळे मिटून म्हणे, "घेतलंस तेवढं बास. माझ्या साहेबरावाला हात लावू नको."

आता ललिताला दिवस गेले होते. पुण्याला निघायच्या आधी सोजराबाईनं डोहाला दुप्पट दहीभात दिला होता. येणाऱ्या नातवंडासाठी.

तिसऱ्या दिवशी ललिता त्यांना पेठेतल्या एका संग्रहालयात घेऊन गेली. कुणा हौशी माणसानं गावोगावच्या जुन्या वस्तू जमवून मांडल्या होत्या.

"जुनं बघायला पुण्याला कशाला यायचं?" भिमाजी म्हणाला. "आमच्याकडं बघ की. फुकाट."

आत गेल्यावर मात्र तो लहान पोरागत हरखला. या काचेकडून त्या काचेकडं पळायला लागला. जातं होतं, पाटा होता, चुन्याच्या डब्या होत्या, अडकित्ते होते.

"सायबाच्या आई, ही बघ आपली फणी! काय ऐटीत बसलीया! उद्या घरी गेलं की आपणबी दाराला तिकीट लावू."

"लावा की. आन् तुमालाच काचंत बसवा. तुमच्याएवढं जुनं काय हाय घरात?"

ललिता हसता हसता भिंतीला टेकली. तिघं तशीच हसत जिना चढून वरच्या दालनात गेली. तिथं देवादिकांच्या मूर्ती आणि मुखवटे होते. प्रत्येक काचेवर एक दिवा. भिमाजी पुढं होता. एका काचेपाशी त्याचं हसणं मधेच तुटलं. तो गर्रकन वळला आणि काचेला पाठ लावून, खांदे रुंद करून उभा राहिला.

"चला खाली. पाय दुखायला लागलं माझं."

"आत्ता तर वासरागत उड्या मारीत व्हता."

"दुखतंय म्हणलं ना! चल!"

चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो कधी काय लपवतो हे बाईला कळतं. सोजराबाईनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि काचेत पाहिलं.

आत लाल कापडावर देवीचा पितळी मुखवटा होता. मोठे डोळे, कपाळावर मळवट, आणि नाक डावीकडून चेपलेलं. शेंड्याशी ते उजवीकडं वळलेलं आणि नाकपुडीवर आडवा ओरखडा.

ते नाक बन्सीनं चेपलेलं होतं. तीन वर्षांचा असताना सगळ्यांचा डोळा चुकवून त्यानं देवी उतरवली होती आणि उंबऱ्यावर बसून तिच्या नाकानं चिंचोके फोडले होते. ताईबाईनं त्याला बडवला. सोजराबाईनं उलथन्याच्या टोकानं नाक सरळ करायला घेतलं, तर ते सरळ झालंच नाही, वर ओरखडा तेवढा पडला.

पहिल्यांदा सोजराबाईच्या मनात आलं ते असं, की देवी डोहातून उठली आणि माझ्या मागोमाग पुण्याला आली. ललिताच्या मागावर आली. तिनं झटक्यानं ललिताचा दंड धरून तिला मागं ओढलं.

"आत्या, काय झालं? केवढा घाम आलाय तुम्हाला!"

सोजराबाईची नजर भिमाजीकडं गेली. त्याच्याही कपाळावर घाम होता, पण तो देवीकडं बघतच नव्हता. तो बायकोकडं बघत होता. देवीला भिणारा माणूस देवीकडं बघतो. हा माणूस बायकोला भीत होता. तेव्हा सोजराबाईच्या मनात दुसरी गोष्ट आली, आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती.

दुपारी पेशवे पार्कात सिंह डरकाळला तरी ती दचकली नाही. ललिताला वाटलं, सासूबाई दमल्या. तिनं दोघांना फुलराणीत बसवलं. फुलराणी म्हणजे पोरांची झुकझुकगाडी. डबे एवढे लहान, की दोघांचे गुडघे हनुवटीला लागले. भिमाजी काहीतरी सबब काढून उतरणार, तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. आता त्याला पळायला वाट नव्हती.

"आवं."

"हं."

"देवी कुठं सोडली व्हती तुमी?"

"कंची देवी?"

"चेपल्या नाकाची."

भिमाजीनं घसा साफ केला. "डोहात."

"पाणी पुण्याकडनं राहूकडं जातंय. मग ती उलटी पोहत आली व्हय पुण्याला?"

पुढच्या डब्यातली पोरं हरणं बघून ओरडत होती. भिमाजीनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"न्हाई टाकली म्या डोहात," तो म्हणाला. "मन झालं न्हाई. असलं जाड पितळ गाळात घालायचं जिवावर आलं. फडक्यात गुंडाळून घोडनदीच्या बाजाराला नेली. दौंडाला, केडगावाला कुणी वळखलं असतं. घोडनदीच्याच मोडवाल्याला घातली."

"आन् पैशाचं काय केलं? प्यायलात?"

"फोटो आणला."

"कसला फोटो?"

"भितीवरचा. बाबासाहेबांचा."

सोजराबाईनं आ वासला. त्या फोटोपुढं ती रोज सकाळी हात जोडत होती. त्याच फोटोखाली उभा राहून भिमाजी वंदना म्हणत होता.

"देवी विकून?"

"म्हणूनच बोललो न्हाई. काय सांगणार व्हतो लोकांस्नी? आन् तुला? तू सोता उचलून टोपल्यात ठिवली. तुझा हात कापला न्हाई. हाललो तो मी, पितळासाठी. तुला तोंड दावायची लाज वाटली."

"म्हंजी ती बुडलीच न्हाई?"

"न्हाई."

"पाण्याचा थेंब लागला न्हाई तिला?"

"सांगतो काय मग? पोत्यात व्हती. कोरडी ठाक."

गाडी बोगद्यात शिरली. अंधार झाला, पोरांनी एकच कालवा केला. त्या कालव्यात सोजराबाई म्हणाली, "मग माझा दहीभात कुणी खाल्ला?"

"कसला दहीभात?"

आणि मग अंधारात तिनं सगळं सांगितलं. मंगळवार, डोह, पान, ताईबाईचं बोलणं. बन्सीला आपणच मारलं म्हणून इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा. गाडी उजेडात आली तेव्हा भिमाजीच्या तोंडाचा रंग उडाला होता. मुखवटा पाहून उडाला त्यापेक्षा जास्त.

"एवढी वरीसं?" तो म्हणाला. "आगं, एवढी वरीसं तू हे घिऊन बसलीस? आन् मी शेजारी झोपत व्हतो?"

"तुमी बोलला असता एकदा!" सोजराबाईनं हातातली पिशवी त्याच्या पाठीत घातली. "एकदा! फकस्त एकदा! म्हणला असता का बाई, ती बाजारात गेली!" दर शब्दाला पिशवीचा एक तडाखा. पुढच्या डब्यातली एक मुलगी उभी राहून आईला म्हणाली, "आई, बघ, आजी आजोबांना मारतेय." भिमाजीनं पाठ हलवली नाही.

गाडी थांबली. पोरं उतरली. ललिता हात द्यायला पुढं आली, पण सोजराबाई जागची उठेना.

"ललिता, आजून दोन तिकिटं काढ."

"एवढी आवडली?"

"काढ गं बाई. यांचं आन् माझं बोलायचं ऱ्हायलंय."

दुसऱ्या फेरीत मात्र बोगदा येईपर्यंत कुणीच बोललं नाही. सोजराबाई नुसती समोर बघत होती. तिला राहून राहून ती काच दिसत होती. त्या देवीला इतक्या वर्षांत कुणी पाण्यात घातलं नव्हतं, तिला कसला राग यायचं कारण नव्हतं. ती बाजारात विकली गेली, पोत्यातून गेली, कुणाकुणाच्या हातातून फिरली आणि दिव्याखाली येऊन बसली. तिला स्वतःचं नाकसुद्धा सरळ करता आलं नाही. ती कुणाच्या पोराला कुठून नेणार?

बोगदा आला आणि गेला. मग ती हळूच म्हणाली, "आवं, बन्शीचा फोटो न्हाई आपल्याकडं."

"न्हाई. कवा काढलाच न्हाई."

"त्याची कापडंबी साथीत जाळली."

"व्हय. झाडून सगळी."

भिमाजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं. त्या पोराच्या हातची जगात आता एकच खूण उरली होती, आणि ती डोहात गेली असती तर तीही उरली नसती. आपण केलं ते वाईट की बरं, हे त्या म्हाताऱ्याला मरेपर्यंत ठरवता आलं नाही.

ललितानं दुसऱ्या दिवशी बंडगार्डनला होडीत बसायचं ठरवलं होतं. सोजराबाई म्हणाली, "होडी ऱ्हाऊ दे. कालच्या त्या काचंकडं चल." वाटेत तिनं सुनेला सगळं सांगितलं. ललिता रस्त्यातच उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिला रस्ता ओलांडायला सासूनं हात दिला.

दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, काल सगळं बघून गेलात ना?"

"एकच बघायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली.

वर जाऊन ती काचेपुढं उभी राहिली. हात जोडले नाहीत, पदर डोक्यावर घेतला नाही. नुसतं एक बोट काचेवर, नाकाच्या समोर टेकवलं आणि किती तरी वेळ तसंच ठेवलं. काच पुसायचं काम करणारी बाई रागवायला आली होती, पण काय वाटलं कोण जाणे, तशीच परत गेली. भिमाजी कोपऱ्यातल्या बाकावर बसून शेंगा सोलत होता. ओंजळभर झाल्यावर तो उठला आणि इकडंतिकडं न बघता त्यानं ते दाणे बायकोच्या पदरात टाकले.

राहूला गेल्यावर वस्तीतल्या बाया गोळा झाल्या. शेजारची धुरपदा म्हणाली, "सोजरा, काय काय मजा केलीस गं पुण्यात?"

"लई केली. तिथं म्हातारी माणसं काय हरवलं नसताना पळत्यात. नवरं बायकांस्नी शेंगा सोलून देत्यात. मासं तिकीट काढून बघत्यात."

"आन् देवबिव?"

"देव न्हाई बघितला," सोजराबाई म्हणाली. "आमच्या बन्शीनं केलेलं काम बघितलं. काचंत ठिवलंय. वर दिवा लावलाय."

बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

मंगळवारी सोजराबाई धुणं घेऊन डोहावर गेली. दहीभात नेला नव्हता. धुणं आपटता आपटता तिचं लक्ष पाण्याकडं गेलं आणि हातातलं लुगडं हातातच राहिलं. नेहमीच्या धोंड्यापाशी मासे जमले होते. काळे, चांगले जाडजूड, बोलणाऱ्या माणसासारखी तोंडं उघडत-मिटत. तिच्या मंगळवाराची वाट बघत. एवढी वर्षं ती डोळे मिटून घ्यायची, म्हणून तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"मुडद्यांनो, तुमीच व्हय ते?" ती म्हणाली.

मग तिनं न्याहारीची भाकरी सोडली, तुकडा मोडून पाण्यात टाकला आणि या वेळी डोळे उघडे ठेवून तो हिसका पाहिला.